चिऱ्याला वळसा घालणारा रस्ता

समुद्र बंद झाला की आम्ही घरी येतो. आम्ही म्हणजे डहाणू-तलासरीकडची खलाशी पोरं, पोरबंदर-वेरावळच्या बोटींवर कामाला असणारी. जूनमध्ये बोटी किनाऱ्याला घेतात आणि आम्हाला सुट्टी होते. म्हणजे बघा, आमच्याकडचे ओहोळ-नाले ज्या दिवसांत फुगलेले असतात, नेमके त्याच दिवसांत आम्ही घरी असतो. मी बोटीवर भंडारी आहे. भंडारी म्हणजे सगळ्यांचं जेवण रांधणारा. समुद्राची मला भीती वाटते, नाही असं नाही, पण आमच्या नाल्याची त्याहून जास्त वाटते. समुद्र निदान सांगून उठतो. नाला कुठेतरी वर डोंगरात पाऊस पडला की न सांगता येतो.

आमचा पाडा गंजाडच्या आतल्या अंगाला. शाळा, दवाखाना, रेशन, एसटी, सगळं नाल्याच्या पलीकडे. आम्ही तेवढे अलीकडे. उन्हाळ्यात नाल्यातून बैल चालत जातात. पावसात माणसं अडकतात.

ताई माझ्याहून मोठी. आवणीच्या दिवसांत ती पलीकडच्या शेतांवर भात लावायला जायची, पाड्यातल्या बायकांबरोबर. संध्याकाळी नाला चढलेला असला तर बायका एकमेकींची मनगटं धरून ओळीने उतरायच्या. पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं. ओला पंजा सुटतो. त्या दिवशीही मनगटंच धरली होती. ताई ओळीत शेवटची. बाकीच्या काठावर चढल्या, तिचाही एक पाय काठाला लागला, आणि पायाखालची मातीच गेली, मनगट सुटलं. दुसऱ्या दिवशी ती सापडली, पण खूप खाली, भलत्याच गावाच्या शिवारात.

पुढे बायका घरी बसायला आल्या तेव्हा प्रत्येकीने आयला तेच सांगितलं, "पाय टेकला होता गं तिचा. आम्ही डोळ्यांनी बघितला." त्यांना वाटलं असेल, तेवढंच सांगण्यासारखं आहे. पण आय तेवढंच धरून बसली. पाय टेकला होता, म्हणजे पोरगी घरी पोचली होती. वाहून गेलं ते नुसतं अंग.

आमच्यात गेलेल्या माणसाचा चिरा बसवतात. हात-दीड हात उंचीचा दगड, त्यावर चंद्र, सूर्य आणि मध्ये माणूस कोरलेला. भगत रीत करतो आणि गेलेलं माणूस त्या दगडात येऊन बसतं. मग ते इकडेतिकडे फिरत नाही, घरच्यांच्या मागे लागत नाही. आमच्या पाड्याचे चिरे वरच्या अंगाला एका आंब्याखाली ओळीने आहेत. आय म्हणाली, ताईचा तिथे नको. जिथे पाय टेकला तिथेच बसवा. भगत नको म्हणत होता, एकटा चिरा वाटेत ठेवू नये म्हणत होता. पण आयपुढे कोणाचं काही चाललं नाही. ताईचा चिरा नाल्याच्या अलीकडच्या काठावर बसला, पाड्याकडे तोंड करून.

त्यानंतर आयने मला पावसाळ्यात नाला ओलांडू दिला नाही. शाळा पलीकडे. पाऊस सुरू झाल्यापासून भात पिकेपर्यंत घरी बसणारं पोर शाळेला तरी किती दिवस आठवणार? सातवीनंतर मी गेलोच नाही. यात कोणाचा दोष नाही. सातवीपर्यंत जे शिकलो त्यावरच हे लिहितोय. शुद्धलेखनाचं काही चुकलं तर ते माझं, आलं ते गुरुजींचं.

नाल्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, मंजूर झाला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. मग एका पावसाळ्यात खरंच एक मॅडम आल्या. इंजिनियर. वयाने तरुण, बोलणं देशावरचं. त्या दिवशी नाल्याला चांगलं पाणी होतं आणि मॅडमना तेच बघायचं होतं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून त्या चिखलात उभ्या होत्या. आमच्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "ही पोर पूल बांधणार? हिला आधी दोरीनं बांधा कोणीतरी, वाऱ्यानं उडंल."

मॅडमनी ऐकलं. "आजी, उडाले तर तुमच्याच अंगणात पडेन. जेवायला घाला म्हणजे झालं."

म्हातारी हसून हसून खोकत बसली. त्या दिवसापासून पाड्यातली माणसं मॅडमना आपलीच मानायला लागली.

मोजमाप झालं. साकवावरून पाड्याकडे येणारा रस्ता सरळ काढला तर बरोबर ताईच्या चिऱ्यावरून जात होता. ठेकेदाराचा माणूस पायाने दगड दाखवत म्हणाला, "हा काढावा लागंल." आय तिथेच होती. बाबा होते, मीही होतो. आय दगडाच्या आणि त्या माणसाच्या मध्ये येऊन उभी राहिली.

मॅडमनी विचारलं, "मावशी, कोणाचा आहे?"

"माझ्या पोरीचा."

मॅडम त्या माणसाला म्हणाल्या, "रस्ता वळवून घेऊ."

"मॅडम, वळण आलं की तिकडं भराव जास्त..."

"येऊ दे. वळवून घेऊ म्हटलं ना."

बाबांनी मॅडमना हात जोडले आणि जोडलेले तसेच ठेवले. मॅडम "अहो काका, राहू द्या" म्हणत राहिल्या. माझेही हात आपोआप जुळले होते. आमच्या घरातल्या कोणासाठी कोणी कधी काही वळवलं असेल, असं मला आठवत नाही. आम्हीच सगळ्यांना वळसा घालून जायचो.

पुढच्या जूनमध्ये बोटीवरून आलो तर साकव उभा होता. खाली पाणी घोंघावत होतं आणि मी पाठीवर पिशवी, हातात सुक्या बोंबलांची थैली घेऊन वरून चालत गेलो. कठडा धरूनच चाललो. पाड्याच्या टोकाला पोरं बसली होती. "बोटवाला आला रे! समुद्रात राहतो आन कठडा धरतो," म्हणून ओरडली. मी म्हटलं, "तुम्ही नाही धरत ते बरंय." पुढे रस्ता डावीकडे वळत होता, ताईच्या चिऱ्याला वळसा घालून परत पाड्याच्या वाटेला लागत होता. चिऱ्याभोवती मॅडमनी दगडांची एक ओळ लावून घेतली होती, पावसाने माती जाऊ नये म्हणून.

त्या वर्षी शाळेची पोरं पावसातही शाळेत गेली. कोणाची तरी गरोदर सून रिक्षाने दवाखान्यात गेली आणि बाळ घेऊन रिक्षानेच परत आली. आय रोज त्या रस्त्याने जायची. जाताना चिऱ्याला हात लावायची, येताना हात लावायची. मला वाटलं, आता सगळं जागेवर आलं. माझा स्वभाव काळजीचा. जागेवर आलं असं मला सहसा वाटत नाही. त्या महिन्यात वाटलं.

मग बक्षिसाची गोष्ट निघाली. खेड्यापाड्यातली छोटी पण चांगली झालेली कामं निवडून त्यांना बक्षीस देतात म्हणे. आमचा साकव त्यात होता. पाड्यात बातमी आली तेव्हा तीच म्हातारी म्हणाली, "बक्षीस म्हंजे काय देतात? बकरा?"

"बकरा नाही गं आजी, ढाल देतात. काचेची."

"काच? काच खायची काय? मॅडमला निदान कोंबडी तरी द्या म्हणावं."

पण हसण्यावारी नेलं तरी सगळ्यांना ते बक्षीस हवं होतं. आमच्यासाठी नाही, मॅडमसाठी. ते मॅडमना मिळालंच पाहिजे हे इतकं ठरलेलं होतं की कोणी बोलूनही दाखवत नव्हतं.

कमिटी यायच्या आधी वरच्या ऑफिसातले एक साहेब साकव बघून गेले. माणूस वाईट नव्हता. साकवाच्या खालून-वरून बघितलं, मॅडमची पाठ थोपटली. मग पाड्याच्या बाजूला उभं राहून म्हणाले, "पूल एक नंबर. पण हा अप्रोच रस्ता असा वाकडा का काढला?"

मॅडम म्हणाल्या, "तिथे यांच्या मुलीचा चिरा आहे सर."

साहेबांनी चिऱ्याकडे बघितलं. "असं होय. ठीक आहे. फक्त फोटोत जरा विचित्र दिसतं. कमिटी विचारेल, तयारी ठेव." एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

बाबा शेजारीच उभे होते. त्या दिवशी त्यांनी दुपारी भाकरी अर्धी ठेवली. आय विचारत होती, पोट दुखतं काय? ते म्हणाले, काही नाही.

चारेक दिवसांनी आय वेवजीला गेली. माझा मामा तिथला. मामी आजारी होती आणि त्यांची आवणी राहिली होती. कमिटी यायचं ठरलं तसे बाबा मला म्हणाले, "जा, आयला घेऊन ये. पण घाई नको. एक दिवस राहा मामाकडं, बरं वाटंल त्यांना." बाबा मला कधी कुठे राहा म्हणत नाहीत. तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाऊस दोन दिवस उघडला होता, बाहेर पडायला बरं होतं, एवढंच मनात आलं.

मामाचं गाव गुजरातच्या हद्दीला लागून. त्यांच्या बोलण्यात निम्मी गुजराती. "आव भाणा, बेस! बोटवाले मोठे झाले, मामाला विसरले!" भाणा म्हणजे भाचा. मामीला बरं होतं. आय शेतात होती. संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर बसलो तेव्हा आय मामाला साकवाचं सांगत होती. मॅडमनी रस्ता कसा वळवला ते तिने बोटाने जमिनीवर काढून दाखवलं. मामा म्हणाला, "बेन, तुझी पोरगी तर साहेब झाली. सरकार तिला वळसा घालून जातं." आय हसली. ताई गेल्यानंतर आयला असं हसताना मी फार थोड्या वेळा बघितलंय, म्हणून ते लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलासरीला आलो, तिथून चारोटी नाका, मग गंजाड. पुढे चालत. साकवावर आय माझ्यापुढे होती. साकव संपला आणि ती थांबली.

रस्ता सरळ होता.

वळणाच्या आतल्या बाजूला ताजा लाल मुरूम पडला होता, वरून ट्रॅक्टरची चाकं फिरलेली. चिरा नव्हता. भोवतीची दगडांची ओळही नव्हती. जिथे चिरा होता ती जागा कुठली, हे मला पटकन सांगता आलं नसतं. आयला सांगता आलं. ती सरळ त्या जागेवर गेली आणि मुरुमाच्या कडेला थांबली. मुरुमावर पाय ठेवला नाही.

मी म्हटलं, "आय, घरी चल. बाबांना विचारू."

चिरा घरी होता. बाबांनी तो खांद्यावरून आणला होता, धुतला होता आणि ओटीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यावर आडवा ठेवला होता. बाबा शेजारी बसले होते. पाड्यातली माणसं अंगणात होती, पण लांब. मुरूम टाकायला सगळेच गेले होते.

आय म्हणाली, "निजवलीस तिला?"

बाबा म्हणाले, "मॅडमचं बक्षीस जायला नको."

"कोणी सांगितलं जाईल म्हणून?"

"साहेब म्हणाला. वाकडा दिसतो म्हणाला." बाबांचा आवाज रडका झाला. "तिनं आपल्यासाठी एवढं केलं. आपली पोर तिच्या आड यायला नको. आपली पोर कधी कोणाच्या आड आली नाही."

आयने दोन्ही हातांनी चिरा उभा करायला घेतला. जड होता. मी धरू लागलो तर तिने मला बाजूला केलं. भाताच्या पोत्याला टेकवून तिने तो उभा केला, पदराने चंद्र-सूर्यावरचं पाणी पुसलं आणि आत जाऊन चूल पेटवली. बाबांशी ती त्यानंतर भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

भगताला बोलावलं. तो म्हणाला, उठवलेला चिरा असा मध्येच परत बसवता येत नाही. नवा भात घरात येऊ दे, मग रीत करू. आणि आता जुन्या जागेवर नाही. त्यावर रस्ता झाला, लोकांचे पाय पडले. आंब्याखालीच बसवायचा. आयने विचारलं, "तोवर ती कुठं?" भगत जाणता माणूस आहे. त्याने चिऱ्याला हात जोडले आणि निघाला.

कमिटी आली त्या सकाळी मॅडम सगळ्यांच्या आधी आल्या. गाडीतून उतरल्या, चार पावलं चालल्या आणि जागच्या जागी थांबल्या. "चिरा कुठाय?" बाबा पुढे झाले, डोक्यावरची टोपी नीट करत. "मॅडम, रस्ता सरळ केला. काही काळजी करू नका."

"मी सांगितलं होतं का काका? मी कधी म्हणाले होते का?"

"तुम्ही कशाला म्हणाल? आम्हीच."

मॅडमनी तोंड फिरवलं. त्यांनी डोळे पुसले ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. बाबांना वाटलं, आनंदाने.

कमिटीत तिघेजण होते. त्यातले एक साहेब म्हातारे, हातात काठी. त्यांनी साकव बराच वेळ बघितला, पोरांशी बोलले, आयलाही विचारलं की पुलामुळे काय फरक पडला. आय खरं तेच बोलली, "चांगला हाये. पोरं शाळेत जातात. अडलेली बाई जाते. कोणी वाहून जात नाय." तिच्या तोंडून पुलाबद्दल एक वाकडा शब्द आला नाही. मग दुसरे एकजण म्हणाले, "अप्रोच पण छान सरळ काढलाय." तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, तो मी वाकडा काढला होता." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चिऱ्याचं, वळणाचं, परवाच्या मुरुमाचं. काही लपवलं नाही.

म्हातारे साहेब काठीवर भार देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ठेवायचा होता हो. वाकडाच ठेवायचा होता. असं काही बघायला मिळावं म्हणून तर आम्ही गावोगाव फिरतो."

ते मॅडमना बोलले, पण बाबांनी ऐकलं. साहेब लोकांचं मराठी बाबांना नीट कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी त्यांना सांगणार होतो की ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी मान खाली घातली. गाड्या गेल्या तरी बाबा तिथेच उभे होते. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. त्यांचं मनगट किती बारीक झालंय ते मला तेव्हा कळलं.

ऑगस्टमध्ये मी बोटीवर परत आलो. बक्षीस मिळालं. एका पोराने फोनवर फोटो पाठवला. मॅडमच्या हातात काचेची ढाल, मागे मोठ्या पडद्यावर आमचा साकव. मी तो फोटो बोटीवर सगळ्यांना दाखवला. आमचा आहे म्हणालो. खरंच अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही. मॅडमचे उपकार माझ्यावर आहेत आणि राहतील. त्या साकवाने पाड्यातली किती पोरं वाचवली असतील, मोजता यायची नाहीत, कारण वाचलेलं कोणी मोजत नाही. तरी फोटो दाखवून झाला की मी बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचो.

मॅडम ढाल घेऊन पाड्यात आल्या, असं आयने फोनवर सांगितलं. ढाल त्यांनी बाबांसमोर ठेवली. बाबांनी हात लावला नाही. आयने त्यांना बसायला पाट दिला, चहा केला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, माझ्यावर राग आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? तुझ्यावर कशाला, म्हटलं. तू तर वळवला होतास."

पुढे फोनवर बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. माझ्याकडचा की तिच्याकडचा, कळत नव्हतं.

भात घरात आल्यावर चिरा आंब्याखाली बसवला. मला यायला मिळालं नाही. बोट आत होती, रेंज नव्हती. किनाऱ्याला लागलो तसा पहिला फोन आयला केला. रीत नीट झाली का विचारलं. झाली म्हणाली. भगताने ताईला हाक मारली, तीनदा मारली, मग म्हणाला, आली, बसली.

"मग बरं झालं ना आय?"

"भगत म्हणतो तर आली असंल. मला नाय वाटली रे. पयल्या येळी वाटली होती."

मी म्हटलं, वाटेल हळूहळू. दुसरं काय म्हणणार? मग बाबांचं विचारलं. बाबा बरे आहेत. कमी बोलतात. साकवाकडे जाताना नवीन मुरुमावरून जात नाहीत, बाजूने जातात, जिकडून आधी वळणाचा रस्ता होता. त्यांचं बघून बाकीचेही आता तसेच जातात, मोटारसायकलवाली पोरंसुद्धा. तिथे गवत उगवायला लागलं होतं, ती वाट परत मळलीय.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी सरळ जाते," आय म्हणाली. "कोणाला हात लावायचा हाये आता?"

तिकडे कोणीतरी तिला हाक मारली. भात उकळून वर येतोय म्हणाली आणि फोन ठेवला.